बारा हजार किलोमीटरवरचं जावळ

फोनमधल्या नकाशात कर्जत ते व्हँकुव्हर असं टाकलं ना, की फोनसुद्धा जरा वेळ विचार करतो. पडद्यावर चक्र गोल गोल फिरतं, आणि मग सांगतो, रस्ता मिळत नाही. हे मी किती वेळा केलंय ते विचारू नका. ताई लग्न करून कॅनडाला गेली तेव्हापासून मला ही सवयच लागली. गाडीचं चित्र दाबलं, रस्ता नाही. चालत्या माणसाचं दाबलं, रस्ता नाही. विमानाचं दाबलं की मग कुठं एक वाकडी रेघ उमटते, आपल्या मुंबईपासून वर वर जाते आणि पार पलीकडच्या टोकाला उतरते. बारा हजार किलोमीटर आणि वर थोडं काहीतरी. थेट विमान नाही, मधे एकदा बदलायचं. सगळं धरून चोवीस तास.

आता गंमत अशी की आमच्या घरात लांब-जवळ हे किलोमीटरमध्ये कधी मोजलंच जायचं नाही. आमचं गाव कळंबच्या थोडं आत. लहानपणी लांब म्हणजे काय हे ठरायचं ताईच्या पोटावरून. ताईला गाडी लागायची. कळंबपर्यंत काही होत नाही. कर्जतपर्यंत गेलं तर तोंड पांढरं पडतं पण निभावतं. मुरबाड म्हणजे लांब, कारण मुरबाडच्या वाटेवर गाडी थांबवावीच लागायची. आई तिच्या हातात अर्धं लिंबू द्यायची, ती ते नाकाला लावून खिडकीशी बसायची आणि मी शेजारी बसून मुद्दाम विचारायचो, "ताई, भजी खातेस का गं?" मग मला लिंबूवाल्या हाताची एक चापट. त्या वाटेच्या सगळ्या प्रवासांना माझ्या डोक्यात अजून लिंबाचाच वास आहे.

आणि ही बाई, जिला मुरबाड झेपायचं नाही, ती व्हँकुव्हरला गेली! निघाली त्या दिवशी बाबा तिला म्हणाले, "विमानात खिडकी उघडत नाय हां." ती हसली, आई रडली, आणि मी घरी आल्यावर पहिल्यांदा नकाशात ते टाकून बघितलं.

मग तिला मुलगा झाला. ती सकाळ मला अगदी लख्ख आठवते, कारण मी आईबरोबर शेतावर होतो. जानेवारीचे दिवस. भात निघून गेलेलं, त्याच जमिनीच्या ओलीवर वाल आलेला, आणि आम्ही शेंगा काढत होतो. ऊन नुकतं तापायला लागलेलं. फोन आला, ताईच्या नवऱ्याचा. आईच्या पदराच्या ओट्यात शेंगा भरलेल्या, तिनं ओटा तसाच सोडला, सगळ्या शेंगा खाली. मला म्हणाली, "मामा झालास रं!" आणि एकदम खाली बसली. आपल्याकडं बारा तारखेची सकाळ, साडेनऊचा सुमार. तिकडं अजून अकरा तारीखच, रात्रीची जेवणं व्हायची होती.

इथूनच सगळा घोळ सुरू झाला. कारण आमच्या घरात बाळाची जन्मतारीख बारा आणि ताईच्या घरात अकरा. कागदोपत्री अर्थात अकरा. पण आईला ते मान्यच नव्हतं. "मी शेंगा काढीत होते ना? ऊन पडलं होतं ना? मंग बारा." ताई तिकडून म्हणायची, "आई, बाळंत मी झालेय का तू?" बाबांनी एकदा मधे तोंड घातलं, की पंचांगात तिथी बघूया. पण पंचांगातून तिसरंच काहीतरी निघेल या भीतीनं कुणी पंचांग उघडलंच नाही.

वर्षभर हे नुसतं चेष्टेवारी चाललेलं. मग जावळाचा विषय निघाला.

आमच्याकडं जावळ पहिल्या वर्षाच्या आत काढतात. वर्ष पुरं झालं की मग दुसऱ्या वर्षात नाही काढत, एकदम तिसऱ्यात. आणि काढायचं ते मामाच्या मांडीवर. बाळाला मामानं मांडीवर घ्यायचं, न्हाव्यानं कात्री लावायची, आत्यानं केस पदरात झेलायचे. म्हणजे या सगळ्यात मी होतो! माझी मांडी! तेवीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात माझ्यावाचून अडलेलं असं हे पहिलंच काम, खोटं कशाला सांगू.

ताईला रजा मिळत होती ती फक्त याच जानेवारीत. पुढची दोन वर्षं काही खरं नाही म्हणाली. आणि बाळाचे केस आत्ताच डोळ्यांवर येत होते, ती वर एक छोटा बुचडा बांधायची. तिसऱ्या वर्षापर्यंत कोण थांबणार? तिकडंच सलूनमध्ये न्यावं लागलं असतं. आणि तिकडच्या सलूनमध्ये मामाची मांडी कुठली? म्हणजे आत्ता झालं तर झालं, नाहीतर राहिलंच. आई हे कुणाला बोलून दाखवायची नाही, पण रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहायची.

तिकीट निघालं. ताई निघणार आठ तारखेला संध्याकाळी. आता बाबांचा हिशोब ऐका. बाबांची सगळी नोकरी रसायनीच्या एका केमिकल कंपनीत पाळ्या करण्यात गेली. निवृत्त झाले तरी चोवीस तास असा शब्द त्यांच्या तोंडात येत नाही, ते तीन पाळ्या म्हणतात. तर बाबा म्हणाले, "तीन पाळ्यांचं विमान. आठला संध्याकाळी बसली की नवाला संध्याकाळी उतरली. दहाला सकाळी जावळ. सरळ हाय." आणि एवढं बोलून थांबले नाहीत. पाहुण्यांना फोन केले, मांडववाल्याला सांगितलं, काकांनी ओळखीच्या धनगराकडून बोकड आणून अंगणात बांधला. आमच्याकडं जावळ म्हणजे बोकड आलाच.

रात्री ताईचा फोन आला तेव्हा बाबांनी मोठ्या ऐटीत सगळा बेत सांगितला. ताई तिकडून ओरडलीच.

"बाबा, तुमी मला इकडच्या घड्याळानं विमानात बसवलंत नि तिकडच्या घड्याळानं उतरवलंत! मधले साडेतेरा तास कुटं गेले?"

बाबा बोटांवर मोजायला लागले. मग म्हणाले, "म्हंजे ही चौथी पाळी निघाली म्हण की."

"चौथीच्या पुढं. मी दहाला सकाळी उतरणार."

"आणि बोकड आणलाय तो?" आईनं मागून विचारलं.

"त्याला सांग ओव्हरटाइम हाय," ताई म्हणाली आणि आम्ही सगळे असे हसलो की शेजारची काकू बघायला आली.

तारीख अकरा ठरली. परत सगळ्यांना फोन. बोकड तोवर आमच्याकडंच, आणि त्यानं ओट्यावर वाळत घातलेल्या वालाच्या शेंगांचा एक कोपरा साफ करून टाकला. आई त्याला ओरडायची, "खा, खा, तुझे दोनच दिवस हायेत." मला उगाच वाईट वाटायचं.

आठ तारखेला ताई निघाली आणि मी फोन हातातून सोडलाच नाही. विमान कुठं आहे ते दाखवणारं ॲप घेतलं होतं मी, छोटं पिवळं विमान सरकताना दिसतं. पण ते काही सरकेना! ताईचा मेसेज आला, बर्फ पडतोय, विमान उभंच आहे. मग एक फोटो आला, काचेबाहेर सगळं पांढरं, आणि काचेला नाक लावून भाचा. आई म्हणाली, "भुकेला असंल रं." मी म्हटलं, "आई, तिकडं दुकानं आहेत, सगळं मिळतं." तर म्हणे, "दुकानातलं खाऊन भूक जाती का रं पोराची?" विमान निघालं ते खूप उशिरा. मग जर्मनीत पुढचं विमान चुकलं. तिथं ताई एकटी, कडेवर पोर, दोन बॅगा, आणि नवीन तिकिटासाठी रांगेत. नवऱ्याला रजा नव्हती म्हणून तो आलाच नव्हता.

तो दिवस फार वाईट गेला घरात. बारा हजार किलोमीटर म्हटलं की मला ती नकाशातली रेघ दिसायची, एकदम गुळगुळीत. त्या दिवशी कळलं की त्या रेघेच्या मधे एक खुर्ची असते आणि त्या खुर्चीत माझी ताई बाळाला मांडीवर झोपवून बसलेली असते, आणि आम्ही काही म्हणजे काहीच करू शकत नाही. मुरबाडच्या वाटेवर निदान गाडी तरी थांबवता यायची.

अकरा तारखेला मांडव तयार, पाहुणे हजर, बाळ नाही. पाहुण्यांना परत कसं पाठवायचं? आईनं वालाचं बिरडं केलं, भात लावला, सगळ्यांना जेवू घातलं. बाळाची आत्या खालापूरहून आलेली, ती म्हणाली मी केस पदरात घेतल्याशिवाय जात नाय, आणि राहिली. बोलायला एकदम फटकळ. मला दर तासाला विचारायची, "मामा, मांडी बळकट हाय ना रं? का नुसती फोन ठेवायची सवय?"

बारा तारखेला पहाटे विमान उतरलं. बाबा आणि काका गाडी घेऊन मुंबईला गेलेलेच होते. सातला बाबांचा फोन, "निघालो." आईनं देवापुढं दिवा लावला आणि मग तिचा चेहरा एकदम उतरला.

"पण आज बारा," ती म्हणाली. "वर्स तर झालं."

"कालच झालं," आत्या म्हणाली. "कागदावर अकराच हाय."

मला एकदम सुचलं आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की बोकड दचकला. "आई! थांब! तिकडं आत्ता अकरा तारखेची संध्याकाळच आहे! बाळ झालं तेव्हा तिकडं रात्र व्हायची होती आणि तू शेंगा काढत होतीस. ती एकच वेळ आहे गं! तुझी बारा आणि ताईची अकरा एकच! साडेनऊ वाजले की इथंपण वर्ष पूर्ण आणि तिथंपण. आत्ता अजून झालेलं नाही!"

वर्षभर भांडत होत्या दोघी आणि दोघींचं बरोबर होतं. आईनं घड्याळाकडं बघितलं. मग पदर खोचला.

"न्हाव्याला बोलाव. जा, गाडी काढ, मागं बसवून आण त्याला."

मी न्हावीकाकांना बाइकवर घेऊन आलो तर बाबांचा फोन, चौकजवळ अडकलोय, पुढं ट्रक आडवा झालाय. बाप रे, ती अर्ध्या तासाची वेळ! न्हावीकाका ओट्यावर कात्री, वस्तरा, पाण्याची वाटी मांडून बसलेले. आत्या पदर सोडून तयार. मी पाटावर मांडी घालून बसून बघितलं, पायाला मुंग्या आल्या, उठलो, परत बसलो. न्हावीकाका म्हणाले, "मामा, बाळ येऊ दे तरी."

नऊ वाजून गेल्यावर गाडी वळली. ताई उतरली. मला वाटलेलं ती बदललेली असेल, पण चप्पल शोधत शोधत उतरली आणि पहिलं वाक्य काय, "आई, चहा ठेव गं, डोकं फुटतंय." तसंच. जणू कर्जतहून आली बाजार करून. आईनं तिला ओवाळायला ताट घेतलं होतं, ते हातातच राहिलं, तिनं एका हातानंच तिला कवटाळलं.

आणि मग मी बाळाकडं हात केले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, अंगणातल्या सगळ्या माणसांकडं बघितलं, बोकडाकडं बघितलं, आणि असं भोकाड पसरलं की विचारू नका. ताईच्या गळ्याला मिठी, मान आत. मी म्हटलं, "अरे, मामा, मी मामा!" आणखी जोरात. आईनं घ्यायला बघितलं, तिला लाथ. आत्यानं गूळ दाखवला, तो उडवला. मला कळेचना, रोज व्हिडिओ कॉलवर मला बघून खिदळणारं पोर ते हेच का.

"दमलाय तो," ताई म्हणाली. "दोन दिवस झोप नाय त्याला."

न्हावीकाकांनी घड्याळाकडं बघून घसा साफ केला. आत्या म्हणाली, "जाऊ दे गं. तुझ्याच मांडीवर घे नि लावू दे कात्री. देवाला काय कळत नाय का? वेळ टळण्यापरीस ते बरं."

मला वाटलं, झालं. आणि खरं सांगू, आई पण मान हलवायला लागली होती. पण ताई एकदम म्हणाली, "नाय हां."

न्हावीकाकांनी उचललेली कात्री खाली ठेवली.

"मामाच्याच मांडीवर. बर्फात बसले, रांगेत उभी राहिले, त्याला बारा हजार किलोमीटर उचलून आणला तो माझ्याच मांडीवर बसवायला? माझी मांडी तर तिकडंपण होती." तिचा आवाज फाटला. ती सगळं आईच्या हौसेखातर करतेय असंच मी समजत होतो. तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते तिलाच हवं होतं, आईपेक्षा जास्त.

मग तिनं नाक पुसलं, आणि मला म्हणाली, "येड्या, तुझा फोन दे." माझा फोन आत्याच्या हातात दिला, ताईनं स्वतःच्या फोनवरून त्यावर व्हिडिओ कॉल लावला, आणि स्वतःचा फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बस पाटावर. बोल त्याच्याशी. रोज बोलतोस तसं."

मी पाटावर बसलो. आत्यानं बाळासमोर फोन धरला, त्यात मी. मी म्हटलं, "काय रे बबड्या, जेवलास का?" रोज हेच म्हणतो मी.

रडणं थांबलं. नाकातून शेंबूड, डोळ्यात पाणी, आणि फोनमधल्या माझ्याकडं बघून हसू. ताईनं स्वतःचा फोन बाबांकडं धरायला दिला, हळूच त्याला उचललं आणि तोंड फोनकडं ठेवूनच माझ्या मांडीवर बसवलं. बसला! मला त्याची पाठ पोटाला लागली, गरम, ओलसर, आणि मी बोलत राहिलो, काय बोललो देव जाणे. बोकड आहे, शेंगा आहेत, नदी आहे, तुला नदीवर नेतो. आईनं बुचड्याचं रबर काढलं. साडेनऊला दोन मिनिटं असताना न्हावीकाकांनी पहिली कात्री लावली आणि आत्यानं पदर पुढं केला. एका हातात फोन, एका हातात पदर, आणि तोंडानं मला दटावणं, "पाय हलवू नको रं, मामा!"

अर्धं डोकं झालं असेल आणि आमच्या गावचं नेटवर्क गेलं. फोनमधला मी तोंड उघडं ठेवून तसाच थिजलो. पण आवाज चालूच होता, मागून. बाळ फोनकडं बघायला लागलं. फोनवर हात आपटला. मग आवाज येतोय तिकडं, मान पार वर करून, उलटं, त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी बोलायचं थांबलो. मला भीती वाटली, आता परत रडणार.

त्यानं हात वर केला आणि बोट माझ्या गालावरून बाजूला सारलं. फोनवर चित्र सारतात तसं. एकदा, दोनदा. मी काही सरकलो नाही. मग त्यानं अख्खी मूठ माझ्या मिशीला घातली, आणि आता सोडणार नाही अशी ओढली.

"आता हलू नका, मामा," न्हावीकाका म्हणाले. "दुसरी बाजू राहिलीय."